पेटी, कॅसेट आणि करारनामा

देऊळगाव राजाच्या माणसाला जालना जवळ, बुलढाणा लांब. बियाणं, लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी तो तीसेक किलोमीटरवरच्या जालन्याची वाट धरतो. सिनेमाच्या धंद्यात मात्र या दोन गावांच्या मधून एक सरहद्द जात होती. जालना 'निझाम' सर्किटात, देऊळगाव राजा 'सीपी-बेरार'मध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडात. एकाच हिंदी चित्रपटाचे जालन्यातले हक्क एका वितरकाचे, देऊळगाव राजातले दुसऱ्याचे. जालन्यात सिनेमा उतरला, पेटी नुसती पडून राहिली, तरी ती एसटीच्या टपावर टाकून इकडे आणायची सोय नव्हती. निझामचे हक्क ज्याने घेतले, त्याची हद्द तिथेच संपत होती.

ही रेघ सिनेमावाल्यांनी ओढलेली नाही. १८५३ मध्ये निझामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. जालना निझामाकडेच राहिलं. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बुलढाणा जिल्हा आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तहसील, कोर्ट, शाळा सगळं एका राज्याचं झालं. चित्रपटाच्या करारांत मात्र 'सीपी-बेरार' आणि 'निझाम' ही नावं जशीच्या तशी राहिली, आणि धंद्यातली माणसं कमाईचे आकडे अजूनही त्याच नावांनी सांगतात. राज्यं मोडली तरी हक्काचा कागद मोडला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी मलकापूरच्या कोर्टात वकिली करतो. रोजचं काम वाटणीचं, बांधाचं, खरेदीखताचं. माझे मामा भुसावळच्या एका वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह होते, आणि माझ्या पोरवयातल्या बऱ्याच संध्याकाळी बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गेल्या. त्यामुळे चित्रपटाच्या हक्कांची भांडणं आणि चित्रपटावरून निघालेल्या गेमच्या हक्कांची भांडणं मला कधी वेगळी वाटली नाहीत. नवं यंत्र येतं, जुन्या कागदात त्याचं नाव नसतं, आणि जो तो म्हणायला लागतो की हे माझंच. हा इतिहास आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून नीट दिसतो, म्हणून लिहितो आहे.

भुसावळला सिनेमाचा धंदा बसला तो रेल्वेमुळे. मुंबईहून आलेली प्रिंट तिथून नागपूरच्या मार्गाला लावा नाहीतर खंडव्याच्या. अमरावती हे दुसरं ठाणं. वितरक आणि थिएटरवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळची. तिचा पसारा विदर्भापासून मध्य प्रदेश-राजस्थानपर्यंत. चौदा-सोळा रिळांचा सिनेमा पत्र्याच्या गोल डब्यांत, ते डबे लोखंडी पेटीत, आणि पेटी पॅसेंजरच्या ब्रेकमध्ये. बोदवड, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. खामगावची पेटी जलंबला उतरायची आणि कापसासाठी १८७० मध्ये टाकलेल्या फाट्याने पुढे जायची. चिखली, मेहकर, लोणारची एसटीने.

मामा पेटीच्या मागोमाग जायचे. थिएटरात पोचल्यावर त्यांचं पहिलं काम तिकिटांच्या पुस्तकांचे पहिले आणि शेवटचे नंबर टिपून घेणं. मग खेळ सुरू झाला की अंधारात उभं राहून खुर्च्या मोजायच्या. रात्री थिएटरवाल्याच्या सहीने डीसीआर, म्हणजे दिवसाच्या कलेक्शनचा तक्ता भरायचा आणि सकाळच्या टपालाने भुसावळला धाडायचा. सिनेमा शेअरिंगवर, म्हणजे कलेक्शनच्या वाट्यावर असेल तर हे सगळं. फिक्स हायरवर दिला असेल तर पैसे आधी मोजून घेतलेले, मग मोजणीची कटकट नाही. टूरिंग टॉकीजचा हिशेब आणखी निराळा. सैलानीच्या जत्रेत तंबू लागायचे, त्यांना प्रिंट देताना जत्रेचे दिवस आणि गावाचं नाव कागदावर लिहून द्यावं लागे. तंबूवाल्याने तीच पेटी परस्पर दुसऱ्या जत्रेत चालवली की मामांना निरोप यायचा आणि ते मिळेल त्या गाडीने निघायचे. त्यांचं एकच वाक्य असायचं, "भाऊ, कागद दाखव. मंग बोलू."

मामांच्या माळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकेत मला १९६० च्या दशकातल्या एका कराराची कार्बन प्रत मिळाली. जांभळी शाई, कडा वाळवीने खाल्लेल्या, इंग्रजीत टाइप केलेली चार पानं. निर्मात्याने वितरकाला काय दिलं ते दुसऱ्या पानावर आहे: सीपी, सीआय (सेंट्रल इंडिया, म्हणजे मध्य भारत) आणि राजस्थान एवढा मुलूख, ३५ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटर, चित्रपटगृहातलं आणि चित्रपटगृहाबाहेरचं, व्यापारी आणि बिगरव्यापारी प्रदर्शन, अमुक वर्षांसाठी. लिहिणाऱ्याने आपल्या परीने एकही फट ठेवली नव्हती. थिएटर, तंबू, शाळा, क्लब, लष्कराची छावणी, सगळं त्यात बसतं. त्या दिवशी पडद्यावर चित्र दाखवायचे जेवढे मार्ग माहीत होते तेवढे सगळे त्या वाक्यात आहेत.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमाराला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर, आणि ते वाक्य अपुरं पडलं.

आमच्याकडे व्हिडिओ आला तो गणपतीत भाड्याने. मग कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोदामात कायमचे व्हिडिओ सेंटर झाले. नवा सिनेमा भुसावळहून मलकापूरला यायला महिने लागायचे. तोवर प्रिंटवर पावसासारख्या रेघा पडलेल्या असायच्या. व्हिडिओवर तोच सिनेमा आठवड्यात हजर. पुष्कळ निर्मात्यांनी देशातले व्हिडिओ हक्क दिलेच नव्हते; परदेशातले विकले होते, आणि तिकडच्या कॅसेटी आखातातून कॉपी होऊन परत येत होत्या. आता प्रश्न असा, की मलकापूरच्या माडीवर चाललेल्या खेळाबद्दल तक्रार कुणी करायची? निर्माता म्हणे, मी वितरकाला ३५ आणि १६ मिलिमीटर दिले, व्हिडिओ माझा माझ्याकडे. वितरक म्हणे, या मुलखातलं प्रदर्शन मी विकत घेतलं, मग ते कापडाच्या पडद्यावर असो की काचेच्या. दोघांचंही म्हणणं त्या चार पानांतूनच निघत होतं. आणि दोघं भांडत असताना माडीवरचा खेळ सुरू होता.

१९८४ मध्ये संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त केला. व्हिडिओ फिल्म ही चित्रपटाच्याच व्याख्येत घातली, कॅसेटवर करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराच्या परवानगीचा दाखला छापणं सक्तीचं केलं, शिक्षाही कडक केली. याच दुरुस्तीत आणखी एक बदल होता, ज्याच्याकडे मलकापुरात तरी कुणाचं लक्ष गेलं नसेल: संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती' म्हणून कॉपीराइटखाली आला. सिनेमाची कॅसेट आणि गेमची कॅसेट एकाच दिवशी, एकाच कायद्याच्या पोटात गेल्या. गेमची कॅसेट आमच्या गावात यायला अजून काही वर्षं होती.

व्हिडिओनंतर केबल. त्याचा मोठा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला, गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक. व्हिडिओ हक्क असलेल्या कंपनीने केबलवाल्यांवर दावा लावला होता. केबलवाल्यांचा बचाव असा, की लोक आपापल्या घरात बसून बघतात, मग हे जाहीर प्रदर्शन कसं? न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी तो फेटाळला. पैसे भरणाऱ्या शेकडो घरांना एका तारेने सिनेमा पोचवणं म्हणजे लोकांपुढे मांडणंच, असा निर्णय झाला. तो निकाल मी आजही अधूनमधून वाचतो. यंत्र कसं दिसतं याला महत्त्व न देता ते काय करतं हे पाहिलं, यातच त्याचं बळ आहे.

आता गेमच्या दुकानाकडे येतो. १९९०-९२ चा काळ. सहा-सात पोर्टेबल टीव्ही, प्रत्येकाखाली एक यंत्र, अर्ध्या तासाला दोन-तीन रुपये. यंत्रं बहुतेक 'समुराई' नाहीतर नाव नसलेली. मूळ जपानी निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरच्या तैवानी-चिनी नकला. कॅसेट म्हणजे पिवळ्या नाहीतर राखाडी प्लास्टिकची चपटी डबी. दुकानदार ती काढायचा, खालच्या तांब्याच्या पट्टीवर फुंकर मारायचा, पुन्हा दाबून बसवायचा. एकदा एक फुटकी कॅसेट त्याने मला देऊन टाकली आणि मी स्क्रू काढून ती उघडली. आत हातभर काहीतरी असेल असं वाटलं होतं. निघाली बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा ठिपका. त्या ठिपक्यात बेचाळीस गेम. बाहेरच्या स्टिकरवर मात्र हॉलिवूडचे झाडून सगळे: मशीनगन घेतलेला रॅम्बो, बॅटमॅन, रोबोकॉप. आत त्यांच्यातला एकही नसला तरी चालायचं.

या नावांमागचे करार मी पुढे वाचले तेव्हा मला त्या स्टिकरचं खरं वजन कळलं. 'रोबोकॉप'चे गेम हक्क इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ओशन कंपनीने चित्रपट येण्याच्या आधी, नुसत्या पटकथेवरून उचलले होते, आणि मग जपानच्या डेटा ईस्ट या मोठ्या कंपनीला ओशनकडून पोटहक्क घ्यावा लागला. अटारी कंपनीने १९८२ मध्ये स्पीलबर्गच्या 'ई.टी.'च्या नावासाठी दोन कोटी डॉलरच्या वर मोजल्याचं सांगितलं जातं. नाताळचा बाजार गाठायचा म्हणून गेम पाच आठवड्यांत केला, तो पडला, आणि न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा खऱ्याच निघाल्या. एका नावाची किंमत केवढी, आणि त्या नावाचा स्टिकर आमच्याकडे केवढ्याला छापला जात होता!

पण त्या बेचाळीस गेममध्ये हमखास असणारा एक गेम असा होता की ज्याच्या मागे चित्रपट-हक्कांचा एक मोठा खटला झाला. लोखंडी मजल्यांच्या इमारतीवर एक माकड बाईला घेऊन बसलं आहे, वरून पिंपं सोडतं आहे, आणि खालून एक मिशीवाला सुतार उड्या मारत चढतो आहे. डाँकी काँग.

१९८१ मध्ये निन्टेन्डोच्या शिगेरु मियामोतो या तरुणाला गेम करायचा होता तो पॉपाय खलाशावर. पॉपायचे हक्क तेव्हा जमले नाहीत. मग पॉपायच्या जागी सुतार, त्याच्या आडदांड वैऱ्याच्या जागी माकड, आणि पॉपायची प्रेयसी ऑलिव्ह ऑइल हिच्या जागी दुसरी बाई. हक्क न मिळाल्यामुळे जन्माला आलेला तो सुतार म्हणजे पुढचा मारिओ. गेम अमेरिकेत तुफान चालला. एप्रिल १९८२ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे प्रमुख सिडनी शाइनबर्ग यांच्या ते लक्षात आलं, आणि युनिव्हर्सलने कळवलं की हे माकड आमच्या 'किंग काँग'चं आहे. घरगुती यंत्रावर तो गेम आणणारी कोलेको कंपनी घाबरली आणि विक्रीच्या तीन टक्के रॉयल्टी कबूल करून मोकळी झाली. निन्टेन्डोने मान्य केलं नाही. जून १९८२ मध्ये युनिव्हर्सलने न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला.

किंग काँगच्या हक्काची स्थिती आपल्याकडच्या जुन्या सामाईक गटाच्या सातबाऱ्यासारखी होती: कब्जा एकाचा, नाव दुसऱ्याचं, आणि इतर हक्कांत आणखी तिघांच्या नोंदी. १९३३ चा चित्रपट आरकेओ कंपनीचा. त्याच कथेची कादंबरी १९३२ च्या अखेरीस आधीच छापून आली होती, पण तिच्या कॉपीराइटचं नूतनीकरण कुणी केलं नाही, म्हणून कथा सगळ्यांसाठी खुली झाली. १९७६ ला नवा चित्रपट काढला तो डिनो दे लॉरेंटिस यांनी, आरकेओकडून हक्क घेऊन. आणि मूळ कर्ते मेरियन कूपर यांच्या मुलाकडे जे हक्क कोर्टाने शाबूत ठरवले होते, ते युनिव्हर्सलने विकत घेतले होते. युनिव्हर्सलच्या हातात होतं ते एवढंच.

निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांनी जुनी दप्तरं काढली. त्यांत युनिव्हर्सलचाच १९७५ चा दावा सापडला. तेव्हा युनिव्हर्सलला स्वतःचा किंग काँग काढायचा होता आणि आरकेओ आडवी येत होती. म्हणून युनिव्हर्सलने कोर्टात सांगितलं होतं की ही कथा कुणाच्याच मालकीची नाही, ती सार्वजनिक आहे. आणि ते म्हणणं मान्यही झालं होतं. सात वर्षांपूर्वी 'कुणाचंच नाही' असं शपथेवर सांगणारी कंपनी आता 'आमचंच आहे' म्हणून कोलेकोसारख्यांकडून पैसे गोळा करत होती. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी दावा काढून टाकला: युनिव्हर्सलकडे असा एकट्याचा हक्क नाही, हे तिला माहीत होतं, आणि डाँकी काँग पाहून कुणी किंग काँग समजेल असंही नाही. इतकंच नाही, युनिव्हर्सलच्या परवान्याने टायगर कंपनीने काढलेला 'किंग काँग' गेमच डाँकी काँगची नक्कल ठरला. १९८४ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला, आणि १९८५ मध्ये युनिव्हर्सलला निन्टेन्डोच्या खर्चापोटी अठरा लाख डॉलर भरावे लागले. निन्टेन्डोने कर्बींना शिडाची एक नौका भेट दिली, तिचं नाव डाँकी काँग, आणि सोबत नौकांसाठी ते नाव वापरण्याचा जगभरचा एकाधिकार लेखी दिला. पुढे निन्टेन्डोच्या एका गुबगुबीत गुलाबी पात्राला कर्बी हे नावही मिळालं.

वकील म्हणून मी या खटल्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. त्यात नवं कायद्याचं तत्त्व फारसं नाही. कर्बी जिंकले ते मोठ्या अंशी सात वर्षांपूर्वीचा कागद जपलेला होता म्हणून. तो कागद रद्दीत गेला असता तर मारिओची कंपनी कदाचित तिथेच दमली असती, असं मला वाटतं. एवढ्या मोठ्या स्टुडिओपुढे कोलेकोने जे केलं तेच बाकीच्यांनी केलं असतं. १९८३ मध्ये जपानात फॅमिली कॉम्प्युटर विकायला आला तेव्हा त्याच्यासोबत तीनच गेम होते: डाँकी काँग, त्याच्या पोराचा डाँकी काँग ज्युनियर, आणि पॉपाय. पॉपायचे हक्क तोवर जमले होते. हे तिन्ही गेम आमच्या पिवळ्या कॅसेटीत एकाखाली एक लागायचे.

आपल्याकडे चित्रपटावरून रीतसर परवान्याने गेम निघू लागले ते फार पुढे. हैदराबादच्या एफएक्स लॅब्जने २००८ मध्ये 'गजनी'वर संगणकावरचा गेम काढला. 'रा.वन'चा २०११ मध्ये प्लेस्टेशनवर आला. मोबाइल हातोहाती झाल्यावर उडुपीच्या ९९गेम्सने 'धूम ३' आणि 'सुलतान', बंगळुरूच्या मूनफ्रॉगने २०१७ मध्ये 'बाहुबली'. अशा एका गेमच्या करारात किती दोरे गुंतलेले असतात ते बघण्यासारखं आहे. चित्रपट निर्मात्याचा, पण नायकाचा चेहरा गेममध्ये वापरायचा तर नायकाशी झालेल्या करारात ते असायला हवं. गाणं म्युझिक कंपनीचं. आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याची वेगळी सही. आणि या सगळ्याला मुदत. मुदत संपली की गेम दुकानातून, म्हणजे फोनवरच्या दुकानातून, काढावा लागतो. प्रिंट परत भुसावळला जायची तसा गेमही परत जातो, फक्त पेटी दिसत नाही.

'शोले'चं भांडण सगळ्यांना आठवत असेल. चित्रपट १९७५ चा. २०१३ मध्ये निर्मात्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढीने तो थ्रीडीत आणायचं ठरवलं, तेव्हा दिग्दर्शक रमेश सिप्पी मुंबई उच्च न्यायालयात गेले. चित्रपट मी घडवला, हक्क माझाही आहे. कोर्टाने स्थगिती दिली नाही, आणि ३ जानेवारी २०१४ ला थ्रीडी 'शोले' लागला. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याने पैसे लावले आणि जबाबदारी घेतली तो. मला ही तरतूद समजते, तरी ती पुरी वाटत नाही. मामांनी मोजलेल्या खुर्च्या भरल्या त्या काही केवळ पैशाने भरल्या नव्हत्या.

याच दशकात दोन गोष्टी झाल्या ज्यांनी भुसावळच्या जुन्या व्यवस्थेला थेट हात घातला. दोन्ही २०१२ च्या. आपल्याकडे नोंद न झालेला चित्रपट सभासदांनी लावायचा नाही, थिएटरात लागल्यापासून ठरावीक काळ तो व्हिडिओ-टीव्हीला द्यायचा नाही, असे नियम वितरकांच्या संघटना चालवत. भारतीय स्पर्धा आयोगाने ते स्पर्धेला मारक ठरवले आणि देशभरच्या अनेक संघटनांना दंड केला; भुसावळची संघटनाही त्यांत होती. मला इथे दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. छोट्या थिएटरवाल्याला त्या नियमाचाच आधार होता, कारण सिनेमा पंधरवड्यात टीव्हीवर आला तर मेहकरच्या थिएटरात कोण जाणार? पण संघटनेला विचारल्याशिवाय चित्रपटच लागू नये, हे कुठल्याही निर्मात्यावर अन्यायाचं होतं.

दुसरी गोष्ट कॉपीराइट कायद्यातली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या त्या दुरुस्तीतला गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा भाग गाजला. कलम १८ मध्ये आलेलं एक परंतुक मात्र तितकं गाजलं नाही, आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारात नव्हतं, त्याचा हक्क त्या करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिला गेला असं धरायचं नाही. निर्माता म्हणे माझा, वितरक म्हणे माझा, हे जे माडीवरच्या व्हिडिओपासून चाललं होतं त्याला कायद्याने तीस वर्षांनी उत्तर दिलं: लिहिलेलं नसेल तर मूळ मालकाचाच.

कायदा झाला म्हणून गुंता संपतो असं नाही. बाँडपटावरचा 'गोल्डनआय' हा गेम १९९७ मध्ये आला, निन्टेन्डोच्या यंत्रावर, रेअर कंपनीने केलेला. २००२ मध्ये रेअर मायक्रोसॉफ्टने घेतली. बाँडचे हक्क चित्रपटवाल्यांकडे; नव्या बाँड-गेमचा परवाना तोवर तिसऱ्याच कंपनीकडे गेलेला. २००७ च्या आसपास रेअरने तोच गेम नव्या यंत्रासाठी जवळजवळ पुरा करून ठेवला होता, पण सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येईनात. तो तसाच पडून राहिला, आणि जुना गेम नव्या यंत्रांवर पुन्हा खेळायला मिळाला तो जानेवारी २०२३ मध्ये. पंचवीस वर्षांत बाँड झालेला नट बदलला, त्याच्यानंतरचाही येऊन गेला. हिस्सेदार वाढले की जमीन पडीक राहते, हे मी कोर्टात रोज बघतो.

आपल्या जिल्ह्यातून चित्रपटाच्या पेट्या गेल्याला आता दहा-पंधरा वर्षं झाली. सिनेमा उपग्रहावरून उतरतो, थिएटरं मोडून मंगल कार्यालयं झाली, भुसावळ-अमरावतीच्या पुष्कळ वितरकांनी कार्यालयं आवरली. जुन्या चित्रपटांना आता पुन्हा भाव आहे. फोनवर दाखवायला, गाण्याचा तुकडा वापरायला, गेम करायला मुंबईची माणसं मूळ हक्कदार शोधत फिरतात, आणि शोधता शोधता विचारतात की सीपी-बेरारचा करार काय होता, किती वर्षांचा होता, परत झाला का. ते कागद रद्दीच्या दुकानात किलोने गेले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपट, पोस्टरं, पुस्तिका जपल्या. डीसीआर आणि हद्दीचे करारनामे मात्र आपले आपणच जपायला हवेत, कारण धंदा इथे झाला आणि मोजणी करणारी माणसं इथली होती.

मामांच्या ट्रंकेतले कागद मी सालवार लावून कापडात बांधून ठेवले आहेत. थिएटरवाल्यांच्या ज्या मुलांशी ओळख आहे त्यांना सांगितलं आहे की माळा झाडताना मला फोन करा. काहींनी केला. चिखलीकडच्या एका टूरिंग टॉकीजवाल्या घरात दोन लोखंडी पेट्या भरून डीसीआर, परवाने आणि भुसावळच्या वितरकाची पत्रं आहेत. त्यांत १९८५-८६ मधल्या व्हिडिओविषयीच्या तक्रारीही आहेत, असं त्या घरातल्या आजी सांगतात. कपाशीची वेचणी उरकली की त्या पेट्या उघडून यादी करायची ठरली आहे.